टीव्हीवाल्यांनी दाखवलेलं दार

बाबा, परवा तुम्ही टीव्हीवर दिसले. अकरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन. जिवंतपणी कधी फोटोला नीट उभे राहिले नाही, अन् आता अख्ख्या देशानं तुम्हाला पाहिलं. शाळेतून रिटायर झाले त्या दिवशीचा तो शाल-नारळाचा फोटो, त्यावर मी घातलेला चंदनाचा हार. कॅमेरा हळूहळू तुमच्या तोंडाजवळ सरकतो, मागे रडकी बासरी, अन् एक भारदस्त आवाज म्हणतो, 'यही हैं वो पिता, जिन्होंने अपनी ही संतान के लिए घर का दरवाज़ा बंद कर दिया. चेहरे की सख़्ती आज भी दिखाई देती है.' सख़्ती! अहो, त्या दिवशी तुमचे पुढचे चार दात तोंडात नव्हते. कवळी माझ्याकडे होती, टोचते म्हणून तुम्हीच सकाळी घासायला दिली होती, अन् समारंभाची वेळ दुपारी चारची होती ती सकाळी अकराची झाली. म्हणून तुम्ही ओठ घट्ट मिटून बसले अन् भाषणालाही उठले नाही. हेडमास्तरांना वाटलं, गहिवरले. टीव्हीवाल्यांना वाटलं, निर्दयी. एका शब्दानं मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारतो कोण? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी रिमोट फेकला, तो कपाटाला लागून फुटला, आता रबर लावून चालवते.

तुम्ही म्हणाल, तुला कोणी सांगितलं होतं त्यांना घरात घ्यायला. बरोबर आहे. दिल्लीहून आली होती एक पोरगी, तिशीही ओलांडली नसेल, बोलायला गोड, आल्याआल्या पाया पडली. 'दीदी, आपकी कहानी दुनिया को दिखानी है.' अशा फिल्मा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, बाबा. सगळ्यांत एकच बाई असते. नाव वेगळं, शहर वेगळं, पण आरसा तोच. आरशासमोर बसून ती लिपस्टिक लावते, मग सिग्नलवर टाळी वाजवते, मग लहानपण आठवून रडते, अन् शेवटी सूर्य बुडताना पाण्याकडे पाहत उभी राहते. आमच्यापैकी कोणी कधी भाजी निवडत नाही, कोणाला गॅसचा नंबर लावायचा नसतो, कोणाची कंबर दुखत नाही. म्हटलं, चला, माझ्या निमित्तानं एकदा तरी कवळ्या दिसतील. एकवीस वर्षं मी कवळ्या करते. डॉक्टरकडून माप येतं, त्याचा प्लास्टरचा साचा करायचा, मेणावर एकेक दात बसवायचा, वरचा खालच्याला कुठे भेटतो ते पाहायचं, मग पक्का करायचा, घासायचा. जबलपूरच्या अर्ध्या म्हाताऱ्यांच्या तोंडात माझं काम आहे. माझ्याबद्दल नको ते बोलणारेही माझ्याच दातांनी बोलतात, हे मी त्या पोरीला सांगितलं तर ती खो खो हसली. फिल्ममध्ये नाही ठेवलं.

चार दिवस होते ते लोक. लॅबमध्ये दुपारभर शूटिंग केलं, दिसते किती, तर शिंकायला वेळ लागतो तेवढं. बाकी सगळा वेळ, 'दीदी, ज़रा काजल लगाइए ना.' मी काजळ लावत नाही, बाबा, त्या केमिकलच्या वासानं डोळ्यांतून पाणी येतं अन् काजळ गालावर उतरतं. त्यांना तेच तर पाहिजे होतं! मग म्हणे टाळी. म्हटलं, मला येत नाही. खरंच येत नाही. ज्या वाजवतात त्या पोटासाठी वाजवतात, त्यांना नावं ठेवणारी मी कोण? पण कवळ्या करणाऱ्या बाईला टाळी काहून वाजवायला लावता? कॅमेरावाला म्हणे, 'ऑडियंस को कनेक्ट करने में आसानी होती है.' मग तिलवारा घाटावर नेलं, केस मोकळे सोडायला लावले. मोकळे केस सोडून मी उभ्या आयुष्यात नर्मदामाईवर गेली नव्हती. घाटावर फुलं विकणारी ओळखीची बाई म्हणाली, 'कोई गुज़र गया क्या दीदी?' अशी लाज वाटली. तरी उभी राहिली, कारण ती पोरगी सारखी म्हणत होती, बस एक शॉट, बस एक शॉट. भिडेखातर माणूस काय काय करतो. ज्यांना खरंच बापानं घराबाहेर हाकललं अशा तिघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांच्या बापांना दाखवा, दहा वेळा दाखवा, मी शेजारी बसून शिव्या घालीन. पण ज्याचं जे असेल ते दाखवा ना!

आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहिते. एकोणीस वर्षांची होती मी. आई गेल्यावर पहिल्या वर्षी महालक्ष्म्या मांडल्या नव्हत्या, ते दुसरं वर्ष. काका-काकू आदल्या दिवशीच आले होते. सकाळची घाई, तुम्ही आरास करून राहिले होते, अन् मी मागच्या खोलीत आईची हिरवी साडी नेसून उभी होती. कडी लावायची राहिली. काका मुखवट्यांची पेटी काढायला आत आले अन् बोंबलले. तुम्ही आले. मारलं नाही. दंडाला धरून स्वयंपाकघरातून मागच्या पायरीवर नेलं अन् म्हणाले, 'आईला जाऊन दोन वर्षं नाही झाली अन् तू हे करून राहिला? कुळाचाराच्या दिवशी?' अन् दार लावलं. ही गोष्ट खरी आहे. कडीचा आवाज खरा आहे. मी त्या साडीत पायरीवर बसून आहे, ऊन पायावर येते आहे, शेजारच्या बाई गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहतात अन् पाहिलं नाही असं करतात. दोन तास. मग आतून काकूची किंकाळी आली, चहाचं उकळतं आधण तिच्या उजव्या हातावर सांडलं. आता साड्या कोण नेसवणार? आपल्याकडे महालक्ष्म्यांना घरच्याच बाईनं साडी नेसवायची, बाहेरच्या कोणाचा हात लागायचा नाही, ही तुमच्या आजीपासूनची रीत. आतलं बोलणं मला ऐकू येत होतं. काका म्हणाले, शेजारणीला बोलवा. तुम्ही नाही म्हणाले.

मग दार तुम्हीच उघडलं. माझ्याकडे पाहिलं नाही, नळाकडे पाहून म्हणाले, 'हातपाय धू. नेसवता येतात ना?' मी हो म्हटलं. 'कपडे बदलून येऊ?' तेव्हा तुम्ही पाहिलं, पदरापासून खालपर्यंत, अन् म्हणाले, 'नंतर. मुहूर्त टळून राहिला.' मी आईच्या साडीत महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या. लोखंडी स्टँडवर निऱ्या टिकत नाहीत, आतून दोरी बांधावी लागते, ते आईला करताना मी दहा वर्षं पाहिलं होतं. तुम्ही बाजूला टाचण्या घेऊन उभे होते, एकेक देत होते. काका ओसरीवर जाऊन बसले. त्या तासाभरात तुम्ही फक्त एकदा बोलले, 'धाकटीचा पदर जरा वर.' बाबा, दाराचा राग तिथेच संपला होता. खरं सांगते, त्या टाचण्यांतच संपला.

राग दुसऱ्या दिवसाचा आहे. संध्याकाळी हळदीकुंकवाला साऱ्या मराठी बाया आल्या, अन् जी ती साड्यांकडे पाहत राहिली. काय निऱ्या, काय चोपून बसवल्या, अगदी वहिनींच्या हातच्या वाटतात! कोणीतरी विचारलं, कोणी नेसवल्या? मी स्वयंपाकघरात आंबिलीच्या वाट्या भरत होती, पँट-शर्टात. तुम्ही बैठकीतून म्हणाले, 'आमच्या सूनबाईनं.' म्हणजे तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोनं, काकूनं. काकू तिथेच उभी, उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. सगळ्यांनी पट्टी पाहिली. एकीनंही विचारलं नाही की जळलेल्या हातानं हे कसं जमलं. अन् मग दर वर्षी तेच. वीस वर्षं मी नेसवल्या, वीस वर्षं तुम्ही टाचण्या दिल्या, अन् वीस वर्षं बैठकीतून तेच उत्तर. विसर्जनानंतर एक साडी काकूला द्यायचे, दुसरी न बोलता माझ्या ट्रंकेत ठेवून द्यायचे, घडी करून, वर हळदीकुंकवाची पुडी. लेकीला देतात तशी. मला त्या साडीचा इतका आनंद व्हायचा की बैठकीतलं मी ऐकलंच नाही असं करायची. पुढे मी साडीतच राहायला लागली, गल्लीला सवय झाली, पोस्टमनला सवय झाली, तुम्ही माझ्या कवळीनं चिवडा खायला लागले, पण त्या एका संध्याकाळी उत्तर काही बदललं नाही. काहून, बाबा? 'आमच्या लेकीनं', दोन शब्द होते. कोण काय म्हणालं असतं? फार तर चार बाया उठून गेल्या असत्या. उरलेल्यांनी आंबील प्याली असती.

तुम्ही गेल्यावर महालक्ष्म्या काकूकडे गेल्या. मी सकाळी जाते, नेसवते, बाया यायच्या आत निघते. फिल्म आल्यावर चुलत भावाचा फोन आला. 'पूरे समाज ने देखा है. मोठ्या काकांची इतकी बदनामी? अब तुम मत आना, या वर्षी आम्ही एक बाई बोलावली आहे नेसवायला.' बाहेरची बाई! मी फोन ठेवला, अन् लॅबमध्ये एक चांगला साचा हातातून पडून फुटला. तासाभरानं काकूचा फोन. शहात्तर वर्षांची आहे आता, ऐकू कमी येते म्हणून ओरडून बोलते. 'काहून गं, भावजींना टीव्हीवर असं काहून दाखवलं? एवढंच होतं का ते?' मी म्हटलं, काकू, ते लोक तसेच असतात, पाहिजे ते ठेवतात, बाकी कापतात. 'पण साड्यांचं तू सांगितलं नाही का? टाचण्यांचं? मला बोलावलं असतं तर मीच सांगितलं असतं कॅमेऱ्यासमोर. जळलेल्या हातानं कोणी निऱ्या घालते का? इतकी वर्षं फुकटचं कौतुक घेऊन राहिली मी, मला का लाज नाही?' अन् मग ती रडायला लागली, शहात्तर वर्षांची बाई. 'पोराचं ऐकू नको. महालक्ष्म्या माझ्या घरी आहेत, त्यानं बोलावलेल्या बाईला मी पाणी देऊन परत पाठवीन. तू ये. अन् या वर्षी निघून जायचं नाही, हळदीकुंकवाला थांबायचं, मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. फक्त मला एवढं सांग, तू त्यांना साड्यांचं सांगितलं होतं ना?' मी म्हटलं, सांगितलं होतं, काकू. सगळं सांगितलं होतं, त्यांनी कापलं.

बाबा, मी खोटं बोलली. त्यांनी काही कापलं नाही. बाकीचं सगळं त्यांच्या माथी मारा, काजळ, घाट, बासरी, तुमचं मिटलेलं तोंड. पण साड्यांचं मी त्यांना सांगितलंच नाही. त्या पोरीनं विचारलं, पापा के बारे में बताइए, अन् मी दारापासून सुरू केलं. तिचे डोळे भरून आले, कॅमेरा जवळ आला, अन् मी तिथेच थांबली. पुढे टाचण्या आल्या असत्या तर तुम्ही चांगले झाले असते. अन् आयुष्यात एकदा तरी कोणीतरी माझ्या बाजूनं तुमच्यावर रागवावं असं मला वाटलं. त्यांनी दाराची चूक धरली, ती तुमची खरी चूकही नव्हती, पण राग तर राग. मला त्या क्षणी बरं वाटलं, बाबा. फार बरं वाटलं. ती पोरगी काही वाईट नव्हती. कॅमेरा बंद करायच्या आधी तिनं दोन वेळा विचारलं होतं, 'पापा के बारे में और कुछ, दीदी?' दोन्ही वेळा मी नाही म्हटलं.