पुढचे सहा दात

मुक्काम वाद सूफ,
ईदनंतरचा दुसरा शनिवार

लमीन, धाकट्या भावा,

तुला आणि तुझ्या घरच्यांना थोरल्याचा सलाम. तुझी साखर आटोक्यात असेल आणि नव्या व्याह्यांची तब्येत राजधानीला शोभेल अशी असेल. इकडे मी, आपली बहीण मबरूका आणि माझी नात हिबा, तिघंही ठीक आहोत. म्हणजे मी जेवत नाही, मबरूका बोलत नाही आणि हिबा हसत नाही. बाकी अल्लाची कृपा.

रियादच्या लग्नात फोटो निघणार, व्याह्यांकडचे सगळे पांढऱ्या दातांचे, "भाई, तेवढं पुढचं बघ," असं तू फोनवर म्हणालास. म्हणून दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. (आपल्या गावचे दात तपकिरी हे तुला आठवत असेल. तुझेही होते. विहिरीचं पाणीच तसं. परगावी बसथांब्यावर कोणी हसलं की आपण उठून सलाम करायचो, घरचा माणूस म्हणून.) तिने आरसा घालून पाहिलं आणि म्हणाली, "काका, कीड नाही, हिरड्या घट्ट आहेत. डाग पाण्यातल्या फ्लोराइडचे. असले चांगले दात मी घासून बारीक का करू?" म्हटलं, "पुतण्याचं लग्न आहे." म्हणाली, "मग पुतण्याचे घासू या." शेवटी माझ्या हट्टापुढे हरली. पुढचे सहा दात घासून खुंट केले आणि वर पांढऱ्या कॅप चढवल्या. निघताना माझ्यासोबत आलेल्या हिबाकडे बघून तिने बजावलं, की पोरगी आठ वर्षांची होईपर्यंत तिला विहिरीचं पाणी देऊ नका, शुद्ध केलेलं द्या; उकळून काही होत नाही. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ती गिळायची नाही, थुंकायची. (आपल्या अम्मीला हे कोणी सांगितलं असतं तर तुझा केवढा खर्च वाचला असता.)

आता गार पाणी प्यालो की कळ डोक्यात जाते. खजूरसुद्धा मागच्या दाढांनी चावतो, शेळीसारखा. चहाच्या दुकानात जुना दोस्त बूजमा सगळ्यांसमोर म्हणाला, "लाईद, हे कोणाचे घालून आलास? मालक शोधत असेल." बाजारात भाजीवाला मला राजधानीचा साहेब समजून माझ्याशी फ्रेंच बोलला. मी त्याला आपल्या बोलीत शिवी दिली, तेव्हा कुठे त्याने मला ओळखलं. मबरूका म्हणाली, "तोंड मीट रे. घरात परका बसल्यासारखं वाटतंय," आणि तेव्हापासून गप्प आहे. हे सगळं सोसलं असतं. पण हिबाने गेल्या वर्षी दुधाचा दात सूर्याकडे भिरकावला होता, गाढवाचा घे आणि हरणाचा दे म्हणून. आला तो आपल्यासारखाच तपकिरी. वर्गात सगळ्यांचे तसेच, त्यामुळे तिला काही वाटलं नव्हतं. आता माझ्या तोंडाकडे बघून विचारते, "आजोबा, माझे कधी घासणार?" आणि हसू आलं की तोंडावर हात धरते.

तरी तुला फोटो पाठवला. तुझा लगेच फोन. "वा भाई! आता फक्त तिथे फार बोलू नकोस. बोलीवरून कळतं. आपण पिढीजात राजधानीचे, असं मी त्यांना सांगितलंय. आणि तुझी ओळख लांबचा नातेवाईक म्हणून करून देईन, रागावू नकोस." रागावलो नाही. फक्त विचारतो, दात झाले, आता जीभही घासून आणू का? रियाद चालायला शिकला तो माझ्या अंगणात. त्याच्या लग्नात लांबचा म्हणून मागच्या खुर्चीवर बसायला मी येणार नाही. हे माझं शेवटचं उत्तर समज.

तुझा सख्खा भाऊ,
लाईद

ता. क. मबरूका आज बोलली. म्हणते, पोराचा काय दोष? तिने कपडे इस्त्री करून ठेवलेत. बुधवारच्या बसची तिकिटं काढली. खजुराचे खोके आणतो. वर गावाचं नाव छापलंय, ते खरडून टाकीन.

आणखी एक. हिबालाही आणतोय. तिला तोंड मिटून हसायला शिकवलंय, पण पोरगी विचारलं की खरं सांगते. तेव्हा आपण नक्की कुठले, मोहल्ल्याच्या नावासकट, बुधवारच्या आत कळव. बसमध्ये तिच्याकडून पाठ करून घेईन.