डोमा एकटा गाईल काय

ता. ३ ऑक्टो. ५३
वही, माफ कर. वीस दिवस तुला उघडलं नाही. दंडारीचे, आपल्या गावच्या नाचगाण्याच्या खेळाचे, दिवस जवळ आले, ढोलक्या मढवण्यात हात गुंतले होते. आणि खरं म्हणजे लिहावं असं काही घडलंच नाही. डोमाला गायला बोलवा म्हणून नागपूरच्या रेडिओला तिसरं पत्र टाकलं. उत्तर नाही. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याचं अक्षर, कोण वाचतो. डोमाची माय म्हणते, "पोरगा बावीस वर्साचा झाला. त्याले लगन पायजे, तुमाले रेडिओ पायजे."

ता. ११ ऑक्टो.
मढवलेली ढोलकी पोचवायला सौंदडला गेलो. इंजिन बिघडून गाडी उभी. फलाटावर एक जाडा माणूस तबल्याची जोडी पुढ्यात घेऊन शिव्या देत होता. डग्ग्याची वादी तुटलेली. मी न विचारताच बसलो, नवी वादी ओवली, ताणली, ठोकून सुरात आणला. नागपूरचे हबीब वस्ताद. रेडिओवर वाजवतात! काय देऊ म्हणाले. मी म्हटलं, "माह्या पोराले एकडाव आयका जी."
"चचा, हर गाँव में एक गवय्या होता है." हसले, पण पत्ता दिला. गाडी हलली तरी मी खिडकी धरून डोमाचंच सांगत होतो. गार्ड ओरडला तेव्हा सोडली.

ता. १९ ऑक्टो.
आठ दिवसांत वस्तादांना तीन पत्रं. आज उत्तर. "चचा, खत लिखना बंद करो, लडके को लाओ." रेडिओवर चाचणीला एकोणतीसची वेळ मिळवून दिली आहे.  डोमा नीट जेवत नाही.

ता. ३० ऑक्टो.
काल चाचणी. बुडालं सगळं.
आपल्या दंडारीत गाणारा ओळ टाकून थांबतो, मागचे झीलकरी ती उचलतात, मग तो पुढची घेतो. दहा वर्षं डोमाच्या मागे झील मीच धरतो. काल तो बंद खोलीत एकटा. पहिली ओळ म्हटली आणि थांबला. दुसरी म्हटली, थांबला. मी दाराबाहेर बाकड्यावर. आतल्या साहेबांना वाटलं, विसरला. धीर दिला म्हणे, मग तयारी करून पुन्हा या म्हणाले.
"काऊन थांबला रे?"
"कोनी उचललंच नाही, बा."
मी त्याला सगळ्यांसमोर बह्याड म्हटलं. वस्ताद माझ्यावरच उखडले. "पागल वो नहीं, आप हो. दस साल से पीछे खडे हो!" वीस नोव्हेंबरला पुन्हा चाचणी. तोवर पोरगा त्यांच्याकडे राहील, मी तिकडे फिरकायचं नाही. डोमाने वस्तादांची पिशवी उचलली आणि चालू लागला. वळून पाहिलं नाही. गोंदियात गाडी बदलून एकटाच आलो. चूक माझी कशी? मी नसतो तर तो गायला तरी असता काय?

ता. १० नोव्हें.
दिवाळीनंतरची आमची मंडईची जत्रा झाली. दंडार डोमाविना. आमचा म्होरक्या सीताराम चारचौघांत म्हणाला, "आले रेडिओचे मामा! आमचा गानारा नागपूरले देऊन आला, आता तूच लुगडं नेस अन् नाच." लोक खदखदले.
डोमाच्या जागी सीतारामचा साळा गायला. मी झील धरली. त्याची ओळ संपायच्या आधीच मी उचलत होतो. तीनदा झालं. शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काकाजी, मले गाऊ द्या ना."
डोमा हे दहा वर्षांत एकदाही बोलला नाही.

ता. १६ नोव्हें.
नागपूरला जावंच. चाचणीला चार दिवस राहिले. पिशवी भरली. डोमाची माय उंबरठ्यात बसली. "जा. अन् पुन्हा बिघडवून या." नाही गेलो. दिवसभर एक ढोलकी तीनदा सोडली, तीनदा आवळली.

ता. २९ नोव्हें.
वीस तारीख जाऊन नऊ दिवस झाले. वस्तादांचं पत्र नाही, डोमाचं नाही. शेजारचा शामराव नागपूरहून आला. म्हणतो, डोमा एका वरातीत बँडवाल्यांची पेटी उचलून जात होता. मग म्हणतो, त्याच्यासारखा कोणी असेल. नीट पाहायला काय झालं होतं याला! हाक मारायची तरी!
हे उद्याच्या टपालात टाकायचं :
चि. डोमा, आशीर्वाद. नापास झाला असशील तर तोंड दाखवू नको, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. तुझी माय विचारते, भाकर कोण टाकते, थंडीत पांघरायला आहे काय. मीही तेच विचारतो. पास-नापास मागून सांग. मी येत नाही, भिऊ नको. पण दोन ओळी टाक, आणि लवकर टाक.
तुझा बा