मुकाट्यानं

मंगळवार, संध्याकाळ

उद्या आप्पांच्या गळ्याचं ऑपरेशन. स्वरयंत्र काढणार. जन्मभर गुळाच्या सौद्यात बोली पुकारलेला माणूस, आणि उद्यापासून आवाजच नाही.

दुपारी दवाखान्यात गेले, तर त्यांनी आमचा जुना खेळ काढला. मी लहान असल्यापासूनचा. एकानं वाक्य टाकायचं, ते कसं म्हटलं हे दुसऱ्यानं सांगायचं, आणि त्यात कोटी हवी.

"'गूळ संपला.' वाणी कसा म्हणाला?"

"कडवटपणे."

"'फ्रीज बिघडला.'"

"थंडपणे."

आवाज पार बसलेला, पण चेहरा खुललेला. मग म्हणाले, "'उद्यापासनं माझं बोलणं बंद.' आप्पा कसे म्हणाले?"

शब्द मला लगेच सुचला होता. तोंडातून निघेना. एवढा एक शब्द का नाही म्हणता आला? शेवटी त्यांनीच, त्या बसक्या आवाजातही, सौद्यात ओरडावं तसं सांगितलं, "मुकाट्यानं!" शेजारच्या खाटेवरचे पेशंट खो खो हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मुकाट्यानं. अजून कानात घुमतंय.

आई पायथ्याशी बसली होती. तिला या खेळात कधीच रस नव्हता. ती उठली, त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "मी हाय की."

आप्पांची सवय कुठली जाते! "कसं म्हणालीस?"

"कसं म्हंजे? नुसतंच म्हटलं."

त्यावर आप्पांनी पुढचं वाक्य टाकलंच नाही. तिचा हात धरून पडून राहिले.