शेवटची अठरा मिनिटं

प्रिय दादा,

माझं 'कुत्र्याचे पाय मांजराला' असलं अक्षर पाकिटावर ओळखूनही तू हे उघडलंस, यातच मी निम्मी जिंकले. बाबांना जाऊन महिना झाला. त्यांच्यावरच्या माहितीपटाचं संकलन मी करते आहे, हे तुझ्या कानावर आलंच असेल. लहानपणापासून त्यांनी मला 'कात्री' म्हटलं, आता ती त्यांच्यावरच चालवते आहे.

रोज दहा तास मी त्यांना पडद्यावर बघते आणि थक्क होते. फुप्फुसं जवळजवळ संपलेली, नाकात नळी, दोन वाक्यांमध्ये दम घ्यायला थांबायचं. पण नजर शाबूत. कॅमेरावाल्याला सांगत, दहा मिनिटं थांब, ऊन उशीवर येईल. आणि यायचं! नर्स औषध घेऊन आली की म्हणत, एंट्री जरा लवकर झाली. ती बिचारी खरंच बाहेर जाऊन परत यायची. डॉक्टरांनी रिपोर्ट समजावला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की शेवट फार लांबणार नाही ना. घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, एक दुपार सोडली तर.

तुला आठवतं, चित्रपट संपला तरी ते आपल्याला उठू द्यायचे नाहीत? तू चुळबुळ करायचास आणि ते तुझं मनगट धरून बसायचे. माणसं राबली आहेत, नावं तरी वाचा, म्हणायचे. झाडूवाला रांगांमधून फिरायला लागला तरी आपण तिघं बसलेलो. चाळीस वर्षांच्या समीक्षेत एकाही चित्रपटातून अर्ध्यात उठलो नाही, ही त्यांची ऐट, आणि लोकांचा त्यांच्या लेखणीवरचा विश्वासही त्यावरच उभा. अशा माणसाने तुझ्या पहिल्याच चित्रपटावर लिहिलं, 'दिग्दर्शकाला शेवट सापडलेला नाही.' त्यानंतर अकरा वर्षं तू घराची पायरी चढला नाहीस. मी तुला दोष दिला नाही. सख्ख्या बापाने चारचौघांत वाभाडे काढल्यावर कोण येईल?

त्या दुपारी त्यांनी मला तुझाच चित्रपट लावायला सांगितला. लॅपटॉप मांडीवर, समोर कॅमेरा चालू. तू आईचं आजारपण दाखवलंस ना, तिथे खुर्चीवर तिची निळी शाल दिसली आणि त्यांनी घाबरून चेहरा फिरवला. मी बंद करायला पुढे झाले. म्हणाले, "चालू ठेव. मागच्या वेळी मी इथेच उठलो होतो."

दादा, ते उठले होते. ती शाल बघून बाहेर पडले आणि घरी येऊन तो लेख लिहिला. पुढची अठरा मिनिटं त्यांनी पाहिलीच नव्हती. मला इतका राग आला की खोलीतून निघून जावंसं वाटलं. पण ते बघत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही हात वर केला नाही. शेवटचं नाव गेलं, मग कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "शेवट त्याला सापडला होता. मला बघवला नाही." मरणाच्या दारात बसून आयुष्यभराची ऐट अशी खाली ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. तो प्रसंग ठेवला, तर लोक त्यांच्या प्रत्येक लेखावर शंका घेतील. काढला, तर तुझ्यावर झालेला अन्याय कधीच कुणाला कळणार नाही. मी त्यांना विचारलं होतं, ठेवू की कापू? म्हणाले, ते त्याने ठरवायचं, फक्त आधी पूर्ण बघ म्हणावं. तुला ते ओळखून होते. अंत्यविधीलाही तू आलास आणि सगळं आटपायच्या आत निघून गेलास; बापाचाच लेक. म्हणून मी चित्रण पाठवत नाही. इकडे ये. मी तुझ्या शेजारी बसेन, आणि शेवटचं नाव जाईपर्यंत तुझं मनगट सोडणार नाही.

तुझीच,
कात्री