तुसावरच्या रेघा

४ जानेवारी
बाबा गेले. आता पोल्ट्री माझ्या हातात, म्हणजे शास्त्रशुद्ध. बाबा रोज पहाटे शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेलं भाताचं तूस दाताळ्याने खालीवर करायचे. निव्वळ सवय. माझा प्लॅन: तूस एकदाच जाड पसरायचं, मग हात लावायचा नाही. कोंबड्या आपणच उकरतात. आईला समजावलं. बरं म्हणाली.

९ जानेवारी
तूस कोरडं, भुसभुशीत. वास नाही. पद्धत यशस्वी. फक्त तुसावर सरळ रेघा दिसतात, मधला एक पट्टा कोरा. बाबांच्या दाताळ्याचा मधला दात तुटलेला आहे. योगायोग.

१२ जानेवारी
पुन्हा रेघा. बायकोला दाखवल्या. म्हणाली, मामंजींना मेल्यावरही काम सुटत नाही, नाहीतर काही जण. कोण, ते विचारलं नाही. आईला खोकला. हवाच तशी आहे.

१५ जानेवारी
दाताळं कुलपात टाकलं. किल्ली आईकडे दिली, माझ्याकडून हरवते.

१६ जानेवारी, सकाळी
कुलूप शाबूत. रेघा आहेत. दारातूनच हाक मारली, बाबा. सगळ्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. दिवसभर शेडकडे फिरकलो नाही.

२१ जानेवारी
भीती गेली. वडीलच आहेत, परके नाहीत. वारलेला माणूससुद्धा हाताखाली राबतो, याला म्हणतात मॅनेजमेंट. खाद्याचंही बघा, असं शेडमध्ये मोठ्याने सुचवलं. मागे आई उभी होती. माझ्याकडे बघत राहिली, मग खोकत आत गेली. पदराला तूस चिकटलेलं. झटकायला सांगितलं.

२७ जानेवारी
आईला ॲडमिट केलं. दम लागतोय. डॉक्टरांनी विचारलं, घरात धुळीचं काम कोण करतं? म्हटलं, ते वडील बघतात. बायकोने कपाळावर हात मारला.

३१ जानेवारी
रेघा नाहीत. तूस ओलं, वरून पत्र्यासारखं कडक. आत शिरताच डोळे चुरचुरतात. कोंबड्या माना टाकताहेत. बाबांना दोनदा हाक मारली. रुसले असावेत.

२ फेब्रुवारी
आई थोडं बोलली. म्हणाली, ते गेल्यापासून पहाटे पडून राहवत नाही रे. दाताळं ओढलं की ते शेजारी असल्यासारखं वाटतं. तुला सांगितलं असतं तर बंद करायला लावलं असतंस. मग विचारलं, आता कोण ओढतं?
मी म्हटलं, मीच की.

३ फेब्रुवारी, पहाटे
ओढलं. चार हातांतच दम लागला. रेघा वाकड्या. मधला पट्टा तेवढा बरोबर कोरा.
कोंबड्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या पाठीमागे बघत होत्या.
वळलो नाही. ओढत राहिलो.