चारशे बारा नंबरचा बिल्ला

११ जानेवारी

बाईंचा फोन आला. बाई म्हणजे आमच्या कारखान्याच्या शाळेतल्या. माझ्या लेकीला त्यांनीच पहिलं अक्षर शिकवलं, आणि लेकीच्या पाटीवरून मी! चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं पोरीचा अभ्यास घेता घेता झालं.

बाई म्हणाल्या, "काका, चिमणी पाडणार आहेत. गेटही. त्याआधी सगळे जुने लोक एकदा जमू या. नऊ फेब्रुवारीला."

नऊ फेब्रुवारी! मी खुर्ची ओढून बसलो.

"अपघाताचा दिवस आहे ना, म्हणून. गेटापाशी एक दगड बसवायचाय. कारखान्यात जे जे गेले त्यांची नावं. भट्टीखात्याची यादी तुम्ही करा. तुमच्याइतकं कुणाला आठवतंय?"

आठवतंय, तेच तर दुखणं आहे. हो म्हणालो.

१२ जानेवारी

लेकीनं नवी वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, यादी यात करा. रोजनिशीत लिहिलीत तर भाजीच्या भावात हरवेल."

जावई हसले. मीही हसलो. वही कोरीच आहे.

१५ जानेवारी

यादी करतोय. नावं आठवत नाहीत, नंबर आठवतात! एकशे सात — पाय घसरून खड्ड्यात. दोनशे साठ — गॅस. तीनशे तेहतीस — याला सगळे 'दुधी' म्हणायचे, कारण भट्टीच्या धगीपुढे उभा राहूनही गोराच्या गोरा. खरं नाव काय होतं? त्याच्या बायकोलाच विचारावं लागेल, आणि ती तरी आता कुठे असेल.

आमचं असंच होतं. प्रत्येकाला पितळेचा एक बिल्ला. रुपयाहून मोठा, वर भोक, मधोमध नंबर. खात्यात शिरलं की दाराशी लाकडी फळा होता, त्यावर आपल्या नंबरच्या खिळ्याला बिल्ला अडकवायचा. पाळी सुटली की काढून घ्यायचा. फळ्यावर बिल्ला म्हणजे माणूस आत. फळा रिकामा म्हणजे सगळे सुखरूप घरी. फोरमन माणसं मोजत नसे, बिल्ले मोजत असे. नंबर पुकारला की 'हजर!' म्हणायचं. झोपेत कुणी चारशे बारा म्हणालं तरी मी हजर म्हणायचो. आमची मंडळी, देव तिचं भलं करो, हसून हसून लोळायची.

१९ जानेवारी

नऊ फेब्रुवारीचे चार लिहिले. चार नंबर, चार नावं. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

चहा गार झाला.

२१ जानेवारी

घारचा फोन! तो क्रेनवाला. पार छपराशी, काचेच्या खोक्यात बसायचा आणि वरून सगळं बघायचा, म्हणून घार. आता कानानं ठार बहिरा. आपलं तेवढं बोलतो, समोरच्याचं काही ऐकत नाही. तसा तो आधीही ऐकत नसे.

ओरडून म्हणाला, "यादी तू करतोयस म्हणे! बरं झालं! चार लिहू नकोस!"

मी म्हणालो, "अरे, फोनवर नको..."

"काय? ऐकू येत नाही! मी वरून मोजलेत रे! पाच होते! अडतीस वर्षं तुझ्या तोंडाकडे बघतोय, आता हा बोलेल, मग हा बोलेल! मी मेल्यावर बोलणार का? की तू मेल्यावर?"

आणि ठेवला.

जावई शेजारच्या खोलीत होते. घारचा आवाज त्यांनाही गेला असणार. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. भला माणूस.

२२ जानेवारी

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. या रोजनिशीलाही मी कधी सांगितलं नाही. आज लिहितो.

माझा दोस्त होता. शिट्टी. कामावर सदा शीळ घालायचा. भट्टीच्या गडगडाटातही ती ऐकू यायची. आम्ही शेजारी शेजारी राहायचो, मध्ये एक भिंत. त्याची बायको ती आमची वहिनी.

त्या दिवशी माझी पहिली पाळी, त्याची सुट्टी. पहाटे आमच्या मंडळींना कळा सुरू झाल्या. दोन दिवस आधी रजा मागितली होती, फोरमन म्हणाला, "बाळंतपण बायकोचं, तुला कशाला रजा?" शिट्टी दारात आला. हात पुढे केला. "दे तुझा बिल्ला. तू दवाखान्यात जा. बाप होतोयस, मुकादम नाही." सगळेच असं करायचे अधूनमधून. पकडलं गेलं तर दोघांनाही घरचा रस्ता, म्हणून कुणी कुणाजवळ बोलायचं नाही. बायकोजवळसुद्धा.

नऊ वाजता लेक झाली. मी तिला हातात घेतली, एवढीशी, लाल. आणि भोंगा वाजला. लांबलचक, न थांबणारा. तो कशाचा असतो ते आम्हांला माहीत होतं.

धावत गेलो. भंगाराकडच्या पडक्या भिंतीतून आत शिरलो. वितळलेल्या लोखंडाची ती भलीमोठी बादली, क्रेनच्या आकड्यावरची, तिचा तळ फाटला होता. धूर. कुणाचं तोंड ओळखू येत नव्हतं. दोघांनी फळा उचलून बाहेर अंगणात आणला होता आणि फोरमन एकेक नंबर पुकारत होता. जो वाचला तो हजर म्हणून आपला बिल्ला काढून घेत होता. फळ्यावर जे उरतील ते गेले.

मी शिट्टीला शोधत होतो. "चारशे बारा!"

"हजर!"

तोंडातून निघून गेलं. हातही पुढे झाला. बिल्ला मुठीत आला तेव्हा कळलं की मी काय केलं.

फळ्यावर चार बिल्ले उरले. चार देह सापडले. फोरमन म्हणाला, "आकडा जुळला." पाचवा थिजलेल्या लोखंडाखाली होता. ते लोखंड तोडून, माती-राखेसकट, पलीकडच्या टेकाडावर नेऊन टाकलं. आत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही उरतही नाही.

मुठीत पितळ गरम होतं. अजून आहे, असं कधी कधी वाटतं.

२३ जानेवारी

काल सगळं लिहिलं नाही. सगळ्यात वाईट राहिलंच.

संध्याकाळी वहिनी आली. कारखान्यानं तिला सांगितलं होतं, बिल्ला नाही म्हणजे माणूस आला नव्हता. शिट्टीचा स्वतःचा बिल्ला घरीच खिळ्याला होता ना! तिनं मला विचारलं, "भाऊजी, मित्राचं काम आहे म्हणून गेले सकाळी. तुमच्याकडे आले होते का?"

मी म्हणालो, "नाही."

एक अक्षरी... नाही, दोन अक्षरी. उद्या सांगू म्हटलं. नोकरी जाईल, पोर एक दिवसाची आहे, मंडळी अंथरुणात आहे. उद्याचा परवा झाला. मग लोक बोलायला लागले, पळाला म्हणून, कुणी बाई होती म्हणून. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मला लावता आला असता. एकट्याला.

२६ जानेवारी

बाईंचा पुन्हा फोन. यादीबद्दल नाही.

"काका, एक काम आहे. चिमणीच्या पाठोपाठ घरंही पाडणार. सगळे गेले, फक्त शिट्टीकाकांच्या पत्नी हलत नाहीत. नळ तोडला, वीज तोडली, तरी बसल्यात. परवा मशीनपुढे खुर्ची टाकून बसल्या! म्हणतात, ते आले तर कुठं शोधतील मला? तुम्ही समजवा ना. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! माझंच ऐकून बसलीय ती.

२७ जानेवारी

लेकीला सांगितलं. स्वयंपाकघरात, ती कणीक मळत असताना. तोंडाकडे बघायचं नव्हतं म्हणून तिच्या मागे उभा राहून बोललो.

तिचे हात थांबले. म्हणाली, "म्हणजे माझ्या वाढदिवसाला दर वर्षी तुमचं डोकं दुखतं..."

"हो."

"मी लहानपणी आईला विचारायचे, बाबांना मी आवडत नाही का गं."

मला हे ठाऊक नव्हतं. अडतीस वर्षं एकाच घरात, आणि ठाऊक नव्हतं!

"माझ्यामुळे झालं का बाबा?"

"तुझ्यामुळे नाही गं बाळा. माझ्या तोंडामुळे. एकदा नको तेव्हा उघडलं, एकदा हवं तेव्हा मिटलं."

तिनं हात धुतले. "कधी जायचं? मी येते सोबत."

"नको. हे ओझं एकट्यानं न्यायचं आहे."

२ फेब्रुवारी

जाऊन आलो. लिहायला हात धजत नाही, पण लिहितो.

बस गेटाशी थांबत नाही आता, मोठ्या रस्त्यावरच सोडते. चालत गेलो. बाजारात एक दुकान उघडं, तेही भंगाराचं. आमच्या गल्लीतली घरं दारं-खिडक्या काढून नेलेली, दात पडलेल्या म्हाताऱ्यांसारखी रांगेनं बसलेली. त्यातल्या एकाच खिडकीला पडदा. धुतलेला.

दार ढकललं तर उघडलं. आतून कडी नाही! दारावर नुसती चार स्क्रूची भोकं. वहिनी आतून म्हणाली, "कडी मीच काढून टाकली, भाऊजी. अवेळी आले तर ताटकळायला नकोत. या, बसा. वाळलात की हो! लेक जेवायला घालते ना?"

स्टोव्हवर चहा ठेवला तिनं. दाराजवळच्या खिळ्याला शिट्टीचा बिल्ला. घासून घासून नंबर पुसट झालाय.

"बाईंनी पाठवलं ना तुम्हांला? मी काही हलायची नाही, आधीच सांगते."

मी सांगितलं. बसून सांगता येईना, उभा राहिलो. बिल्ल्यापासून सुरुवात केली आणि 'नाही' पर्यंत आलो. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालं नसतं.

चहा उतू गेला. तिनं स्टोव्ह बंद केला, फडक्यानं पुसला. नीट, कडेकडेनं.

मग म्हणाली, "अडतीस वर्षं रोज सकाळी उठले की त्यांना एक शिवी देते मी. पहिली शिवी, मग चूळ. पोट भरून दिल्यात. मेल्या, कुठं तोंड काळं केलंस म्हणून. आता त्या कुठं ठेवू? सांगा ना भाऊजी. तुम्ही शहाणे, वाचता-लिहिता. कुठं ठेवू?"

मी पाया पडायला वाकलो. तिनं पाय मागे घेतले.

"तुमची बायको विचारायची मला, वहिनी, तुम्ही माझ्या लेकीला घेत का नाही मांडीवर. ते गेले त्याच दिवशी जन्मलेली, घेववायचं नाही. तिला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही."

"बरं झालं. बिचारी सुखानं गेली."

उरलेला चहा तिनं कपात ओतला. अर्धाच भरला. माझ्यापुढे ठेवला.

"पिऊन जा. आणि पुन्हा या दारात येऊ नका."

प्यायलो. कसा प्यायलो ते मला माहीत.

बाहेर पडलो तेव्हा तिनं आतून काहीतरी जड ओढलं. पेटी असावी. दाराला लावली.

३ फेब्रुवारी

अंथरुणातून उठलो नाही. लेकीनं डोक्याला तेल लावलं. हात होता डोक्यावर, तेवढं पुरे.

५ फेब्रुवारी

यादी पुरी केली. नऊ फेब्रुवारीखाली पाच नावं. पाचवं शिट्टीचं, खऱ्या नावानं. नंबराची जागा कोरी ठेवली. त्याचा नंबर लिहायचा, तर त्या दिवशी तो बिल्ला घरच्या भिंतीवर होता. पुन्हा खोटं कशाला?

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. जमलेल्यांनाही सांगा म्हणालो, वहिनीला मी 'नाही' म्हणालो होतो तेवढ्याच ठामपणे. बाई शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही यायचं मात्र. गैरहजर चालणार नाही."

७ फेब्रुवारी

बाईंचा निरोप. वहिनी घर सोडतेय, बहिणीकडे जाणार. दगडापाशी येणार आहे. पाचव्या नावाचा नंबर कारागिराला तिनं स्वतः जाऊन सांगितला म्हणे. कोणता, ते बाईंनाही सांगितलं नाही. दगडावर कापड टाकून ठेवलंय.

घारला कळवलं. म्हणाला, "काय? ऐकू येत नाही!" आणि रडत होता.

९ फेब्रुवारी

लेकीला सकाळी उठल्या उठल्या म्हणालो, "वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळा." अडतीस वर्षांत पहिल्यांदा. ती सोबत आली.

गेटापाशी दीडशे-दोनशे माणसं. कुणी माझ्याशी बोललं, कुणी तोंड फिरवलं. दोन्ही बरोबर. वहिनी पुढे उभी, हातात एक पिशवी. माझ्याकडे पाहिलं नाही.

कापड काढलं. बाई नंबर वाचू लागल्या, जुन्या पद्धतीनं, एकेक, मध्ये थांबून. शेवटचा नंबर आला.

"चारशे बारा."

सगळे माझ्याकडे वळले. लेकीनं माझा हात घट्ट धरला. जीभ उचलली गेली होती, देवाशपथ. मी दात आवळून उभा राहिलो.

पुढून वहिनीचा आवाज आला. खणखणीत, मागच्या ओळीपर्यंत जाईल असा.

"हजर होता."