अर्ध्यात सोडलेली वेणी

३ फेब्रुवारी
आले बाई एकदाची कोल्हापुरात! माझ्या भावानं, सौमित्रनं, गडहिंग्लजहून मला जवळजवळ उचलूनच एसटीत घातलं. मंगळवार पेठेतलं हे उपचारघर झकास आहे. उजेडाच्या खोल्या, मागे गोठा, सकाळी धारोष्ण दूध. आठ महिने मी शाळेत शिकवायला गेले नाही, केसांना फणी लावली नाही. दुःख नव्हतं हो, काही करावंसंच वाटत नव्हतं. लोक आळशी म्हणाले. इथले डॉक्टर विजयसिंह म्हणाले, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं, ते माणसाला ताटापर्यंत उठवतं. तुमचं ते झोपलंय, नवी गोळी उठवील. शिवाय रोज वही लिहायची. लिहीन की!

६ फेब्रुवारी
आज वेणी घातली, माझ्या हातानं! स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या अक्कांनी दृष्टच काढली. शेजारच्या खोलीत मुरगूडचे पिराजी आहेत. वर्षभर अंथरुणाला खिळून होते, दारच्या म्हशी हंबरत राहायच्या. आता इथल्या म्हशीची धार तेच काढतात. पेला पुढे करून म्हणाले, घ्या पावणं, न्हाय म्हणायचं न्हाय.

११ फेब्रुवारी
वेणी पाच वेळा सोडली, पाच वेळा घातली. पिराजी सकाळपासून गोठ्याची फरशी घासतायत, जेवायलाही उठले नाहीत. डॉक्टर खूश. दोघांचीही गोळी वाढवली.

१४ फेब्रुवारी
आज दूध गुलाबी आलं.
म्हशीचं दूध केव्हाच संपलं होतं, पिराजी पिळतच राहिले. सड फुटले. म्हैस ओरडत होती आणि हे रडत होते, हात थांबत न्हाईत म्हणत. इथल्या दोन गड्यांनी त्यांना ओढून काढलं. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीला होतं असं. म्हशीला सांगा म्हणावं! मी विचारलं, गोळी सुरू कर म्हणते, पुरे कोण म्हणणार? ते हसले. आळसापेक्षा हे बरं, म्हणाले.
माझा आळस निदान माझा होता. आजची गोळी जिभेखाली धरली आणि मोरीत थुंकले.

१६ फेब्रुवारी
गोळी बंद, तरी — दोन तास विंचरत होते. फणीत केस, मग रक्त. पुरे म्हणत होते, हात ऐकेना. अक्कांनी फणी हिसकावली. म्हणाल्या, अंगातनं उतराय आठवडा लागतोय, तवर हातात काय धरू नका.

१७ फेब्रुवारी
पिराजींचे हात बांधलेत. बोटं हवेत धार काढतायत —
माझं थुंकणं कळलं. उद्या सकाळी आठ वाजता गोळीऐवजी सुई. मी नको म्हटलं, तर डॉक्टरांनी सौमित्रची सही दाखवली. सौमित्रच्या डोक्यावरचे केस शाबूत आहेत, तो देईल सही! अक्का मागचं दार उघडं ठेवणार. सहाची एसटी.

१८ फेब्रुवारी, सकाळी साडेपाच
पिशवी भरली. फक्त 'येते' लिहून निघायचं होतं — पेन धरलं, चूक केली. मागची सहा पानं नुसतं येते, येते, येते —
अक्का दारातून खुणावतायत. जिन्यावर डॉक्टरांचे पाय —
पण वेणी! आज वेणी अर्धीच घातली आणि तशीच सोडली. खांद्यावर लोंबतेय. म्हणजे सोडता येतं. एक सोडलं, दुसरंही —
डॉक्टर, वही तुम्हीच ठेवा. तुमची गोळी म्हणते वाक्य पुरं कर. आणि मी, गडहिंग्लजची वल्लरी, हे वाक्य इथंच अर्धं टाकून